आधी मालक सांगा

“गाडी मागून दाखवा, आधी मालक सांगा,” असं म्हणून तो गाडीकडे चक्क पाठ करून उभा राहायचा. आर्णीत जुन्या मोटारसायकलींची दलाली करणारे आणखीही होते. ते आधी इंजिन ऐकत, टायर दाबून पाहत. हा मात्र विकायला आलेल्याच्या घरची चौकशी करत बसे. गाडी कोण चालवायचा, कुठे न्यायचा, पितो का, बायकोशी बोलतो का. सगळे त्याला भाऊ म्हणत. माझ्याहून लहान असूनही मीही भाऊच म्हणायचो.

मी तिथल्या शाळेत शिकवायचो आणि त्याच्या पत्र्याच्या शेडला लागूनच माझं भाड्याचं घर होतं. आमच्या बाजारात मास्तरची गाडी सगळ्यात चांगल्या भावानं जाते, हे मला त्यानंच सांगितलं. मास्तर गाडी जपून चालवतो, घरून शाळेत आणि शाळेतून घरी, असा लोकांचा समज. तुम्ही चार मास्तर जवळून पाहिले असतील तर तुम्हाला हसू येईल. माझी स्वतःची गाडी लाथा खाल्ल्याशिवाय सुरूच होत नसे.

एकदा मी त्याला पेपरातला एक लेख वाचून दाखवला. परदेशात काही महागड्या मोटारी कंपनी मोजक्याच बनवते. त्या बाजारात आल्या की नव्या किमतीच्याही वर विकल्या जातात. हौस फिटली की भाव उतरतो आणि वर्षं गेली की पुन्हा चढतो. नावाजलेल्या माणसानं वापरलेली असेल तर मग बोलायलाच नको.

“म्हंजे जुनी झाली का महाग?” भाऊनं विचारलं.

“हो.”

“आन् चालवतात कवा?”

“फारशी चालवत नाहीत. झाकून ठेवतात.”

“बाप्पा! मंग तिले गाडी कायले म्हन्ता, गुरुजी? थे तं तिजोरीतलं सोनं झालं.” मग म्हणाला, “पण पाहा, तिकडेबी मालकच इचारतात.” ह्या गोष्टीनं तो फार खूश झाला होता.

पुढे कापसाची ती वाईट वर्षं आली. शेडपुढे विकाऊ गाड्यांची रांग लागली आणि काही घरांतून गाडी घेऊन बाया येऊ लागल्या. मालक कोण, असं विचारलं की त्या खाली पाहत. ज्यानं जीव दिला त्याची गाडी कुणी घेत नसे. ती आपल्यालाही नेईल ही भीती चांगल्या शिकल्या-सवरल्यांनाही होती. फार तर भंगाराच्या भावानं मागत.

एका सकाळी भाऊ अशाच एका घरची काळी मोटारसायकल ढकलत माझ्या दारात आला. “गुरुजी, काही रोज इथंच राहू द्या. शाळेत घेऊन जात जा. मंग मले मास्तरची गाडी म्हन्ता येते.”

मी नेली. त्यानंतर माझ्या दारातल्या गाड्या सारख्या बदलू लागल्या. हेडमास्तर म्हणाले, “पगार तर आपल्या सगळ्यांचा सारखाच आहे हो!” गाडीला नीट भाव यायचा, बाईच्या हाती पडायचा. त्या गाड्यांवर भाऊ दलाली घेत नसे. लबाडी होती ती, पण मला भाऊचा अभिमान वाटायचा. आजही वाटतो.

मग एक बाई पिवळी गाडी घेऊन आली. कंपनीनं तो रंग थोड्याच गाड्यांना दिला होता. नवी आली तेव्हा हौशी लोकांनी वर पैसे देऊन घेतली होती, त्यातलाच एक जवळच्या खेड्यातल्या ह्या बाईचा नवरा. आता तो नव्हता. “मले पिठाची चक्की टाकाची हाय जी,” ती म्हणाली. “तेवढे आले तं झालं.”

“गुरुजी, तुमच्या पेपराच्या हिशेबानं हिचा भाव चढाले पाह्यजे,” भाऊ म्हणाला. आठवडाभर मी ती शाळेत नेली. मग महागावच्या एका दुकानदारानं मास्तरची म्हणून ती आनंदानं घेतली आणि बाईची चक्की सुरू झाली.

पण काळ्या गाडीसारखी दुसरी काळी असते, ह्या पिवळीसारखी दुसरी पिवळी नव्हती. दुकानदार ती घेऊन एका लग्नाला गेला आणि मांडवात कुणीतरी ती ओळखली. दुसऱ्याच दिवशी तो माणसं घेऊन शेडपुढे उभा. “मेलेल्याची गाडी माह्या गळ्यात मारतं काय?” भाऊनं वाद घातला नाही. पैसे स्वतःच्या खिशातून परत केले आणि गाडी ठेवून घेतली.

“बाईले नोका सांगू,” तो मला म्हणाला. “चक्की चालून राह्यली तिची.”

त्यानंतर त्याचा शब्द कुणी घेईना. मास्तरची गाडी म्हटलं की लोक हसत, आणि जीव दिलेल्यांच्या घरच्या गाड्या शेडमध्ये तशाच पडून राहिल्या. मग भाऊ स्वतःच पिवळी चालवू लागला, मुद्दाम भर बाजारातून. बायकोनं निदान लिंबू तरी बांधा म्हटलं, तर तेही बांधलं नाही. “लोकाइले पाहू द्या,” म्हणायचा. “मले काही होत नाही हे दिसलं का घेतीन.” आणि खरंच, दोघं-तिघं पुन्हा भाव विचारून गेले होते.

एका दुपारी शेडमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो गेला. पिवळी तेव्हा शेडपुढे स्टँडवर लावलेली होती. तरी संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं, पिवळीनं नेला. मला इतका राग आयुष्यात कधी आला नाही, आणि तो काढायला समोर कुणी एक माणूस नव्हता.

तेरवीला ती बाई आली. तिच्यापर्यंत सगळं पोहोचलं होतं. मला बाजूला घेऊन तिनं हळूच विचारलं, “माह्या गाडीनं नेलं का जी भाऊले?”

“नाही हो बाई. हृदय बंद पडलं. डॉक्टरांनीच सांगितलं.”

“मलेबी तसंच वाटते,” ती म्हणाली आणि डोळे पुसले. तिला पटलं, असं मला वाटलं. फाटकाजवळ भिंतीला लागून पिवळी उभी होती. बाई तिथवर गेली, थबकली. मग पदर अंगाशी आवळून घेतला आणि नवऱ्यानं हौसेनं घेतलेल्या त्या गाडीला लांबून वळसा घालून बाहेर पडली.