आमच्या बाल्कनीत सुरू होणारा शब्बाथ

अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावर, खोर फक्कानला आम्ही राहायला गेलो तेव्हा बिल्डिंगमध्ये मराठी बोलणारं दुसरं एकच घर होतं, आमच्या समोरचं. काका पोर्टच्या वर्कशॉपमध्ये क्रेनदुरुस्तीचे सुपरवायझर होते, काकू घरीच असायच्या. दोघं नगर जिल्ह्यातले, पिढीजात ख्रिस्ती, आणि त्यातही शनिवार पाळणारे अ‍ॅडव्हेंटिस्ट. मांस-मच्छी नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. आमच्याकडे सुरमई तळायची असली की मीच ओशाळून दार लावून घ्यायची. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "ख्रिश्चन ते आणि मासे आपल्या घरात, सगळं उलटंच आहे तुमच्याकडे."

शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस. तेव्हा तिकडे सुट्टी शुक्रवारची असे आणि शनिवार कामाचा. काकांनी नोकरीला लागतानाच मॅनेजरला सांगून टाकलं होतं, की शुक्रवारी येईन पण शनिवार सोडा. तो अरब माणूस हसून म्हणाला होता, "आमच्या भाषेत शनिवारचं नावच अस-सब्त आहे. खलास, तो दिवस तुझा."

एका शुक्रवारी संध्याकाळी काकांनी आमची बेल वाजवली. "पोरी, तुमची बाल्कनी डोंगराकडे आहे ना? जरा उभा राहू का?"

त्यांचं घर समुद्राकडे तोंड करून होतं. आमच्या बाल्कनीसमोर मात्र डोंगराची काळी भिंतच उभी होती, त्यामुळे आमचा सूर्य फार लवकर दिसेनासा व्हायचा. काका कठड्याला धरून उभे राहिले. सूर्य डोंगराच्या कडेला टेकला आणि बुडाला.

"गेला," ते म्हणाले.

"पण काका, अजून लख्ख उजेड आहे की."

"उजेड आहे. पण सूर्य कुठंय?"

मग मला सगळं कळलं. शारजाला त्यांची मंडळी, म्हणजे चर्चची सभा, भरायची. दर शनिवारी दोघं डोंगर ओलांडून तिकडे जात. तिथले पाळक, म्हणजे पाद्री, म्हणत, पेपरात मगरीबची, सूर्यास्ताच्या नमाजाची, वेळ छापून येते, सगळ्यांनी तीच धरावी, म्हणजे मंडळी एकत्र राहते. काकांचं म्हणणं होतं, सूर्य मावळला की शब्बाथ लागतो असं शास्त्रात आहे, पेपर बघा असं कुठेही नाही. माझा सूर्य मला दिसेनासा झाला म्हणजे मावळला.

माझा नवरा अकाउंटंट. तो म्हणाला, "काका, लवकर सुरू करणार आणि लवकर संपवणार. टोटल तर तेवढीच."

काका शांतपणे म्हणाले, "टोटल माणसांना लागते. देवानं बोलावलं की आपण निघायचं."

काही महिने शारजात वाद चालला. पाळकांनी खूप समजावलं. शेवटी काका उठून आले आणि आपल्या हॉलमध्ये सतरंजी घालून स्वतःची सभा सुरू केली. हॉस्पिटलमधली एक फिलिपिनो नर्स, वर्कशॉपमधला एक तेलुगू वेल्डर आणि एक मल्याळी जोडपं, एवढी माणसं. नर्स गिटार वाजवायची. समोरासमोर आमची दारं, त्यामुळे चार भाषांतली गाणी घरात ऐकू यायची. बिल्डिंगमधले लोक त्यांना 'डोंगरवाले' म्हणू लागले. दर शुक्रवारी काका ड्युटीवरून थेट आमच्या बाल्कनीत. माझी मुलगी आधीच तिथे उभी असे आणि ओरडून सांगे, "अंकल, हरी अप, इट्स हाफ गॉन!"

काकू मात्र डोंगरवाल्यांत गेल्या नाहीत. फुजैराच्या एका कुटुंबाच्या गाडीतून त्या शारजालाच जात राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "मी लग्न त्यांच्याशी केलं. त्यांचा पंथ तेव्हा नव्हता."

त्यामुळे त्या घरात शब्बाथ दोनदा लागायचा. शुक्रवारी काका बाल्कनीतून परत जात तेव्हा त्यांचा शब्बाथ सुरू झालेला असे, आणि काकू अजून दुसऱ्या दिवसाच्या भाकऱ्या थापत असत. काकांना कांदासुद्धा चिरून देता येत नसे. काकू परातीतलं पीठ जरा जोरातच मळायच्या. शनिवारी संध्याकाळी उलटं व्हायचं. काकांचा शब्बाथ संपलेला, काकूंचा चालू.

पहिल्या शनिवारी काका जेवणाची वाट बघत बसले. काकू पुस्तकातून मान वर न करता म्हणाल्या, "तुमचा संपलाय ना? मग खिचडी टाका."

ज्या माणसाने कधी गॅस पेटवला नव्हता तो आमच्या दारात येऊन उभा. "पोरी, खिचडीला पाणी किती?"

मी पातेल्यापाशी उभी राहून सांगितलं. ती खिचडी खालून करपली आणि वरून कच्ची राहिली. पण वर्षभरात काकांच्या हाताला अशी चव आली की शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघंही तिकडेच जेवू लागलो. काकू पाटावरच्या नवरीसारख्या बसून वाढून घ्यायच्या आणि मीठ कमी आहे म्हणायच्या.

पंथ हळूहळू वाढला. दिब्ब्याहून दोन कुटुंबं येऊ लागली. वेल्डर बदली होऊन कलब्याला गेला, त्याने तिथली काही माणसं जोडली. पण कलब्याचा डोंगर घरांपासून लांब, तिथे सूर्य उशिरा जातो. वेल्डरने सभेत मांडलं, "सर, कन्फ्यूजन नको. तुम्ही संस्थापक. तुमच्या बाल्कनीचा टाइम सगळ्यांचा. आम्ही कार्ड छापून वाटतो."

मी सरबताचे ग्लास द्यायला गेले होते, म्हणून हे कानावर पडलं. काकांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

"म्हणजे आता मीच पेपर झालो," ते म्हणाले. "नाही. ज्याच्या दारात जो डोंगर, त्याने तो बघावा."

वेल्डरला ते पटलं नाही. त्याला नियम हवा होता. तो कलब्याची माणसं घेऊन वेगळा झाला. काका दोन-तीन दिवस नीट जेवले नाहीत. बाल्कनीत उभे असताना मला म्हणाले, "आपलं माणूस उठून गेलं की काय होतं, ते आत्ता कळलं मला. शारजाच्या पाळकांना किती लागलं असेल."

पुढच्या शनिवारी ते काकूंबरोबर त्याच गाडीत बसून शारजाला गेले. परत आले ते हसतच. पाळकांनी मिठी मारली होती, पोटभर जेवू घातलं होतं आणि विचारलं होतं, "मग येताय परत?" काका म्हणाले होते, "सूर्य मात्र माझाच बघणार." पाळक म्हणाले होते, "बघा की. पण महिन्यातून एकदा आमच्याकडे उपदेशाला या." ते ठरलं, आणि तसंच चालू राहिलं.

दोन हजार सालानंतर काका निवृत्त झाले, व्हिसा संपला आणि दोघं नगरला परतली. नर्सने काही वर्षं सभा चालवली, मग ती कॅनडाला गेली आणि डोंगरवाले पांगले. आम्हीही अबू धाबीला, खलिफा सिटीत राहायला आलो. एकदा काकांचा फोन आला. म्हणाले, "आमच्याकडे सगळं सपाट रान आहे गं. सूर्य थेट बांधाखाली जातो आणि पेपरातही तीच वेळ. भांडायला काही जागाच नाही." गावच्या जुन्या मंडळीत ते पुन्हा जाऊन बसत होते. मुलांना पेटीवर गाणी शिकवत होते. मुलं सूर सोडतात, पण आवाज मात्र खणखणीत लावतात, असं त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, आणि मग एका मुलाला फोनजवळ बोलावून मला अख्खं गाणं ऐकवलं.