पूल बंद करणारा माणूस

माझे धाकटे दीर नगरपालिकेत ओव्हरसियर होते. गावाने त्यांना ‘बंदसाहेब’ असं नाव ठेवलं होतं, आणि ते त्यांनी अगदी स्वतःच्या हाताने मिळवलं होतं. ओढ्यावरच्या जुन्या पुलाच्या मधल्या खांबाला तडा गेलेला त्यांना दिसला. त्यांनी वर कळवलं. वरून ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असं गुळगुळीत उत्तर आलं. याचा अर्थ काय घ्यायचा तो प्रत्येकाने आपापला घ्यावा. यांनी घेतला तो असा, की दुसऱ्याच दिवशी पुलाच्या तोंडाशी ‘जड वाहनांस बंदी’ असा फलक लावून दोन लोखंडी खांब रोवले. त्या दिवसापासून बस अलीकडच्याच काठावरून वळून परत जायला लागली.

केलं ते बरोबरच केलं. बस खाली गेली असती तर याच गावाने त्यांना फाडून खाल्लं असतं. पण न पडलेल्या बसबद्दल कोणी आभार मानत नाही. सगळे चिडतात ते चालत जावं लागतं म्हणून.

चालणाऱ्यांत पहिली आमच्याच घरातली. माझी धाकटी जाऊ पलीकडच्या दवाखान्यात नर्स. पूर्वी बस तिला दवाखान्याच्या फाटकाशी सोडायची. आता पूल ओलांडून पुढचा चढ चढायचा, आणि तिचे गुडघे तर बाभळीच्या गाठीसारखे झालेले. नवऱ्याने स्कूटरवर सोडावं म्हटलं, तर पाणी सोडायचं कामही यांच्याकडेच, त्यामुळे सकाळी ते पंपावर अडकलेले. इंजेक्शन देताना ती पेशंटला सांगायची, “दुखलं तर मला शिव्या देऊ नका. माझी बस ज्यांनी बंद केली त्यांना द्या. घरचाच पत्ता आहे.”

तेव्हा निवृत्तीच्या आत नवा पूल मंजूर करून घ्यायचा आणि बायकोची बस परत फाटकापर्यंत न्यायची, एवढंच भाऊजींनी मनात धरलं होतं. सरकार छोट्या गावांना रस्ते आणि पुलांसाठी दरवर्षी अनुदान देतं. त्यासाठी प्रस्ताव पाठवायचा, मग त्याला गुण मिळतात, शाळेतल्या पोरांना मिळतात तसे.

पहिल्या वर्षी नापास. मी विचारलं, कशात गेलं?

“वाहतुकीत, वहिनी. पुलावरून एकही बस जात नाही, म्हणून नव्या पुलाची गरज दिसत नाही म्हणतात.”

“अहो, पण बस जात नाही म्हणूनच तर पूल हवाय.”

“लिहिलं होतं तसं.”

“मग?”

“ते ‘इतर माहिती’त येतं. ‘इतर माहिती’ला गुण नसतात.”

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्या कार्यालयापेक्षा त्यांचाच जास्त राग आला. हा माणूस भांडत कसा नाही? जागेवरून उठून साहेबाच्या टेबलावर हात आपटावा, असं त्यांना जन्मात कधी वाटलं नाही. बोलायची वेळ आली की चष्मा पुसायचे. चष्मा पुसून होईपर्यंत सभा संपलेली असायची.

दुसऱ्या वर्षी अर्ज वेगळ्या सदरात केला, ‘धोकादायक पूल’ या. ते डोकं त्यांचंच. तपासणीला अधिकारी येणार असं कळलं, आणि इथे आमच्या नगराध्यक्षांनी घोळ घातला. नगराध्यक्ष कापडाचे व्यापारी. पाहुणा येणार आणि भिंत रंगवली नाही म्हणजे त्यांना चारचौघांत फाटका सदरा घालून उभं राहिल्यासारखं होतं. त्यांनी अख्खा पूल रंगवून घेतला. कठड्याला पांढरा आणि लाल पट्टा, खांबांना गिलावा, दोन्ही टोकांना कुंड्या.

भाऊजी म्हणाले, “साहेब, पूल मोडकळीला आलाय असं आपण लिहिलंय.”

“लिहिलंय ना, मग झालं. दाखवायचं कशाला? परक्या माणसाला घरातली गळती दाखवतात का?”

अधिकारी आला, कुंड्यांपाशी चहा प्याला आणि ‘स्थिती समाधानकारक’ असं लिहून गेला. वर महिन्याभराने उत्तम देखभालीबद्दल नगरपालिकेला प्रशस्तिपत्रक आलं. नगराध्यक्षांनी ते चौकटीत बसवून खुर्चीमागे टांगलं. मी गेले होते तेव्हा त्यांनी मला उठून दाखवलंसुद्धा. मी म्हटलं, छान आहे, हे आता ओढ्यावर आडवं टाका आणि बस न्या. ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी विनोदी आहे.

तिसरं वर्ष म्हणजे भाऊजींच्या नोकरीचं शेवटचं. या वेळी त्यांनी चष्मा न पुसता नगराध्यक्षांना सांगितलं, की तपासणी होईपर्यंत पुलाला कोणी बोटही लावायचं नाही. रंगाचे उडालेले पोपडे तसेच ठेवायचे. कुंड्या हलवायच्या. नगराध्यक्ष तोंड वाकडं करून का होईना, कबूल झाले. ऑफिसातला शिपाईसुद्धा झाडू घेऊन पुलाकडे जायचा नाही, इतका दरारा. गिलावा निघून मधल्या खांबावरचा तडा पुन्हा उघडा पडला होता. भाऊजी रोज संध्याकाळी तो पाहून यायचे, आजारी माणसाला पाहून यावं तसे. फक्त यांना तो बरा व्हायला नको होता.

ऑफिसचा बंदोबस्त चोख केला. पलीकडच्या काठाचं मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

पलीकडे दवाखान्याला लागून कौलांचा कारखाना आहे. माझ्या जावेने कौतुकाने म्हणा, काळजीने म्हणा, ड्रेसिंग करता करता तिथल्या फोरमनला सांगितलं, की गुरुवारी तपासणी आहे आणि यांची ही शेवटचीच. फोरमनच्या बोटाचं ड्रेसिंग झालं. बुधवारी काम सुटल्यावर कारखान्यातली माणसं घमेली आणि थाप्या घेऊन ओढ्यात उतरली.

गुरुवारी मीही गेले होते. माझं तिथे काही काम नव्हतं, पण घरी बसून कानावर येण्याची वाट बघणं मला जमत नाही. या वेळी आलेली अधिकारी तरुण बाई होती. कुंडी नाही, चहा नाही, तरी कुरकुर केली नाही. सरळ म्हणाली, खाली उतरून खांब बघू. ओढ्याला पाणी घोट्याएवढं. भाऊजी पुढे, ती मागे, मी काठी टेकत काठावर.

मधला खांब गुळगुळीत होता. राखाडी, ओलसर, नव्या नवरीच्या गालासारखा.

भाऊजींचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

“तडा कुठे आहे?” बाईने विचारलं.

“इथे होता.”

“होता म्हणजे?”

फोरमन बोटाची पट्टी मिरवत पुढे झाला. “भरून टाकला, मॅडम. आम्हीच. साहेबांची शेवटची तपासणी, म्हटलं त्यांची मान खाली जायला नको. आणि मजुरी नाही हं घेतली.”

त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता, की त्याला झोडपावं की जवळ घ्यावं, मला कळेना. वर पुलावर त्याची सगळी माणसं कठड्याला टेकून उभी होती, शाबासकीची वाट बघत. माझी जाऊही डबा घेऊन त्यांच्यात उभी. तिला एकदम कळलं असावं. तिने डोक्याला हात लावला.

बाईने वहीचं टोपण काढलं होतं, पेनाचं म्हणायचं होतं मला, तेव्हा मी इतकी वैतागले होते की आजही शब्द नीट येत नाहीत. ती लिहायला लागणार, एवढ्यात भाऊजी फोरमनला म्हणाले, “छिन्नी आहे का?”

“आहे की. राहिलंय का काही भरायचं?”

“दे इकडे. हातोडाही दे.”

आणि ज्या माणसाने आयुष्यात कधी टेबलावर हात आपटला नाही, त्याने सरकारी पुलावर हातोडा मारला. एक नाही, मारतच सुटले. ओला गिलावा ढेकळांनी पाण्यात पडायला लागला. वरून कोणीतरी ओरडलं, “साहेब, कालच तर केलंय.” यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. तडा उघडा पडला तसा त्यांनी त्यात मनगटापर्यंत हात घातला, आतली गंजलेली सळई दाखवली आणि म्हणाले, “हे ‘इतर माहिती’त घालू नका, बाई.”

बाईने वाकून पाहिलं. मग मान वर करून पुलावर ओळीने उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं.

“आणि यावरून माणसं चालतात?”

“रोज.”

“सगळ्यांना आधी खाली उतरवा.”

ती बाई कामाची होती, म्हणूनच तर पंचाईत झाली. तिने आठवड्यात दोन कागद पाठवले. एकात नवा पूल तत्त्वतः मंजूर, निधी उपलब्ध होताच काम सुरू. दुसऱ्यात जुना पूल पादचाऱ्यांसह सर्वांना तात्काळ बंद. निधी कधी उपलब्ध होणार ते लिहिलं नव्हतं. ‘तात्काळ’ मात्र लिहिलं होतं. पहिल्या फलकाशेजारी दुसरा फलकही भाऊजींनीच उभा केला. निवृत्त व्हायच्या आधीचं त्यांचं शेवटचं काम ते.

आता पलीकडे जायचं तर हमरस्त्यावरच्या पुलावरून, गावाला वळसा घालून. कारखान्यातले लोक भाऊजींशी बोलत नाहीत. नगराध्यक्ष बोलतात, पण ‘मी म्हणत होतो’ एवढंच. भाऊजींना आता सकाळी पंपावर जायचं नाही, बायकोला स्कूटरवर सोडायला वेळच वेळ आहे, आणि सोडायचा सरळ रस्ता त्यांनीच बंद केलाय. ती मागे बसते आणि सगळा वळसाभर गुडघ्यांचं पुराण लावते.

परवा सकाळी त्यांच्याकडे गेले, तेव्हा ते दारात हेल्मेट घालत होते.

“आलं का काही पत्र?”

“आलं. पैसे सोडायच्या आधी पुलावरच्या रहदारीची ताजी मोजणी हवीय म्हणतात.”

“बंद पुलावरची?”

“हो.”

बोलण्यासारखे शब्द सभ्य बाईच्या तोंडात शोभले नसते.

“नवा ओव्हरसियर काल विचारायला आला होता, वहिनी. शून्य भरू की जागा कोरी सोडू.”

“मग काय सांगितलंत त्याला?”

“म्हटलं, सकाळी माझ्याबरोबर चल. वळसा घालून पलीकडे जाणारं जे जे भेटेल ते मोज. ती सगळी आपल्याच पुलाची रहदारी आहे.”

आतून डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला आणि जाऊ बाहेर आली.

“स्कूटरवर तिघं कुठे बसणार?” ती म्हणाली. “कोणीतरी उतरायचं असेल तर आधीच सांगते, मी उतरणार नाही.”