मोतिया पैठणीवरचे तीन थेंब

कागद मी आयुष्यात पुष्कळ खर्च केले. पाण्याच्या वेळापत्रकासाठी, रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी, निवृत्तिवेतनातल्या एका चुकीच्या कलमासाठी — ज्याच्या ज्याच्या हातून कसूर झाली, त्याला मी पत्र धाडले. पण एक कसूर अशी आहे, की तिच्याबद्दल माझ्या हातून एक ओळही उतरली नाही. कुणाच्या कानावरही घातली नाही. जिच्यासोबत एक्केचाळीस वर्षे संसार केला, त्या सुमनच्याही नाही. तुम्ही परके आहात, म्हणून तुम्हाला सांगणे जमेल, असे वाटते. जमते का, पाहू.

आधी साडीबद्दल सांगितले पाहिजे.

सुमनकडे समारंभाची म्हणावी अशी एकच साडी. मोतिया रंगाची पैठणी, आमसुली काठ, पदरावर मोर. घ्यायचे म्हटले असते, तर दुसरी घेता आली असती. तिनेच घेतली नाही. तिचे म्हणणे असे, की चांगले वस्त्र कपाटात झोपवून ठेवणे हा त्याचा अपमान आहे. म्हणून ती एकच पैठणी बाराही महिने निरनिराळी करून नेसते. पौषातल्या थंडीत पूर्ण बाह्यांचे मखमली ब्लाउज आणि खांद्यावर हिमरूची शाल. श्रावणात खणाची चोळी, आणि साडी चार बोटे वर खोचलेली — काठाला चिखल लागता कामा नये. वैशाखात पाचोडला तिच्या भाच्याचे लग्न होते, उघड्या मांडवात, भर दुपारी. तिथे तिने पांढऱ्या मलमलचे कोपरापर्यंतचे ब्लाउज घातले, पदराच्या बारीक निऱ्या करून पिन लावली आणि पाठ वाऱ्याला मोकळी ठेवली. बाकीच्या बायका घामाने निथळत होत्या आणि ही मात्र पंगतीत जिलबी वाढत फिरत होती.

तिची एक वहीसुद्धा आहे. कोणत्या कार्याला काय जोडले होते आणि तिथे कोण कोण हजर होते, याची. ‘सासरकडचे — मखमल झाली, आता खण.’ मी सरकारी कचेरीत अधीक्षक होतो. इतकी चोख नोंदवही मी कुणाची पाहिली नाही.

एकदा माझ्या वहिनींनी चारचौघींत टोमणा मारला, “सुमन, पुन्हा तीच का गं?” त्यावर ही म्हणाली, “वहिनी, नवरा एकच चालतो की इतकी वर्षं, मग साडीला काय झालं?” मांडवभर हशा. मी वरवर चिडलो. मनात मात्र — काय सांगू? मला कुणी इतक्या सहजपणे कधी मान दिला नव्हता.

या सगळ्या कारागिरीत तिला एक भागीदार होते. शहागंजातले हनीफ मास्तर. अरुंद दुकान, एक यंत्र, भिंतीवर एक आरसा. कोणत्या मोसमात कोणते अस्तर, फॉल केव्हा बदलायचा, जरीला दमट हवा कशी बाधते — या दोघांच्या गप्पा तासतासभर चालत. ते तिला ताई म्हणत. मी बाहेर स्कूटरवर बसून हॉर्न वाजवत असे. मास्तर आतूनच म्हणत, “साहेब, बाही घाईत लावली तर आखूड होती बघा.” आणि दोघे हसत.

मी अजून मुद्द्यावर आलेलो नाही, हे मला कळते. दुसऱ्याने असे केले असते, तर मी त्याला झापले असते.

नऊ वर्षांपूर्वीची सकाळ. पुतणीचे लग्न तोंडावर आलेले. सुमनने पैठणी माझ्याच टेबलावर उलगडून फॉल तपासला, आता मास्तरांकडे द्यायची म्हणाली आणि अंघोळीला गेली. मी त्याच टेबलाच्या कडेला पाण्याबद्दलचे अकरावे पत्र लिहीत होतो. दहा पत्रांना उत्तर नव्हते. माझे पेन अडले. मी ते झटकले — रागाने, हात लांबवून. पदर जिथे सुरू होतो, तिथे मोतिया रेशमावर तीन थेंब पडले. एक मोठा, दोन लहान.

बाथरूममधून बादलीचा आवाज येत होता. एक हाक पुरली असती. “सुमन, माझ्या हातून शाई सांडली.” यात अवघड काय होते? ती हळहळली असती, दोन दिवस अबोला धरला असता, मग यातूनही तिने काही मार्ग काढला असता. मग मी बोललो का नाही? नऊ वर्षे मी याचे उत्तर शोधतो आहे आणि प्रामाणिक उत्तर फार क्षुद्र आहे. माझ्या प्रत्येक पत्राचा शेवट ठरलेला असे — ‘आपण आपली चूक लेखी मान्य करावी.’ आणि मला स्वतःला ती तोंडी मान्य करता येईना.

मी साडीची घडी घातली. थेंब आत जातील अशी. पिशवीत भरली आणि ओरडून सांगितले, की मीच नेऊन देतो.

“आज सूर्य कुठून उगवला?” ती आतून म्हणाली. आवाजात इतका आनंद होता, की —

असो. मी साडी दिली. मास्तरांनी गर्दीत ती न उलगडताच पावती फाडली — ‘पैठणी एक, फॉल.’ दुसऱ्या दिवशी त्यांचा घरी फोन आला. सुमनचा चेहरा उतरला. तिने मला विचारले, “देताना तुम्ही बघितली होती ना?”

“बघितली होती,” मी म्हणालो. “स्वच्छ होती.”

“मग मास्तरांकडं कसं झालं? ते तर कापडाला हात लावायच्या आधी हात धुतात.”

इथे मला राग आला. खरा राग. आपण खोटे बोललो, की समोरच्याचा विश्वास किती डाचतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मी त्याच दुपारी मास्तरांना नोटीस लिहिली. दोन पाने. ‘वस्त्र आपल्या ताब्यात असताना दूषित झाले. स्वीकारतेवेळी ते निर्दोष होते, हे आपल्याच पावतीवरून सिद्ध होते, कारण तीत दोषाची नोंद नाही.’ कायद्याच्या दृष्टीने नोटीस बिनतोड होती. मी ती दोनदा वाचली आणि मला समाधान वाटले. होय, समाधान. तेच मला आज सर्वांत घाण वाटते.

नोटीस मी स्वतः नेऊन दिली. मास्तरांनी चष्मा लावून ती संपूर्ण वाचली. मग साडी आणून गल्ल्यावर पसरली आणि पहिले पान डागाशेजारी ठेवले. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. काळ्या शाईत निळी मिसळून मी माझी शाई घरी तयार करतो. ती छटा बाजारात मिळत नाही. माझी कित्येक पत्रे त्या शाईने लिहिलेली. नोटीसही. आणि ते तीन थेंबही.

मास्तर पानाकडे पाहत होते, डागाकडे पाहत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. आयुष्यभर रंगांना रंग जुळवणारा माणूस तो.

“शाई लई पक्की आहे साहेब,” ते शेवटी म्हणाले. “आसानीनं जायची नाय.” नोटिशीची घडी करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली. “ताईंना तुम्ही कायबी बोलू नका. मी सांगतो. माझ्याच हातून झालं म्हणून.”

आणि मी — मी मान डोलावली.

त्यांनी कुण्या नवरदेवाच्या शेरवानीतून उरलेल्या आमसुली हिमरूची चार बोटे रुंद पट्टी त्या जागी आडवी लावली, इतकी बेमालूम, की विणकरानेच योजली असावी. पुतणीच्या लग्नात सगळ्यांची नजर त्या पट्टीवर. साडीचे रूप आणखी खुलले. हिवाळ्यातल्या शालीशी ती आता सख्ख्या बहिणीसारखी जुळते. सुमन मास्तरांवर रागावली नाही. उलट प्रत्येक कार्यात, प्रत्येक मोसमात, कुणी पट्टीची चौकशी केली, की ती प्रेमाने सांगते, “अहो, मास्तरांच्या हातून शाई सांडली, मग त्यांनीच ही युक्ती काढली!” ती कौतुक करते. ऐकणाऱ्या बायका मात्र पहिले अर्धे वाक्य तेवढे घरी नेतात.

साडी जितक्या वेळा नेसली गेली, तितक्या वेळा माझे खोटे सांगितले गेले. मी शेजारी उभा राहून हसलो. पौषात हसलो, वैशाखात हसलो.

गेल्या महिन्यात शेजारच्या जाधव वहिनी आल्या होत्या. लेकीच्या लग्नासाठी आईच्या जुन्या शालूचा घागरा शिवायचा होता. सुमन म्हणाली, मास्तरांसारखा हात शहरात नाही. वहिनी म्हणाल्या, “नको बाई. शाई सांडवणारेच ना ते? आईची एकुलती आठवण आहे.” सुमन हळूच म्हणाली, “सगळ्या असंच म्हणतात हो. आता त्यांच्याकडं भारी कापड येतच नाही. शाळेचे गणवेश शिवतात. तेवढ्या एका चुकीपायी.”

मी वर्तमानपत्रामागे होतो. दोन हातांवर. नऊ वर्षांनी संधी आपण होऊन घरात चालत आली होती, आणि मी पान उलटले.

म्हणून हे लिहितो आहे. डाग मी पाडला. लपवला मी. निरपराध माणसावर कायद्याच्या भाषेत आरोप केला, तोही मीच. वहिनींचा शालू अजून कुणाकडे गेलेला नाही, हे मी विचारून घेतले आहे. आज संध्याकाळी हा कागद मी सुमनला वाचून दाखवीन. उद्या वहिनींना घेऊन शहागंजात जाईन आणि दुकानात जी गिऱ्हाइके असतील त्यांच्यादेखत, सुमनच्या समोर, घडले ते सांगेन. सुमन काय म्हणेल, मला ठाऊक नाही. ती जे म्हणेल, ते तिने म्हणावे.

मास्तरांची क्षमा मात्र मी मागणार नाही. मागितली, तर ते त्याच क्षणी देऊन टाकतील, वर चहाही मागवतील.