अंतऱ्यातलं नाव

लोणावळ्याच्या बाजारात मी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेलो होतो. औषधवाल्याने चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्हाला कळलं नाही का? ओव्हाळ डॉक्टर आज पहाटे गेले. झोपेतच." मी चिठ्ठीवरच्या त्यांच्या तिरक्या अक्षराकडे पाहत राहिलो. "गोळ्या पंधरा दिवसांच्या देऊ की महिन्याच्या?" मी म्हणालो, "महिन्याच्या." पिशवी घेऊन घरी आलो, जेवलो, दुपारी पडलोसुद्धा. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. रडू अजून आलेलं नाही. बेडशाला, त्यांच्या गावी, पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर लोक त्यांच्याबद्दल बोलत होते, तेव्हा मलाही बोलायला बोलावलं. मी हात जोडले आणि घसा बसल्याचं सांगितलं. घसा बसला नव्हता. तिथे बोलायला हवं होतं ते आज लिहितो आहे.

डॉ. दिनकर ओव्हाळ यांचा कामशेतचा दवाखाना पवन मावळातल्या सगळ्यांना ठाऊक होता. भातखाचरातून थेट उठून आलेल्या बाया, ठाकरवाडीवरची म्हातारी माणसं, नवलाख उंब्र्याहून पाळी संपवून आलेले कारखान्यातले कामगार... सगळे त्या एका बाकावर बसायचे. मात्र डॉक्टर बंदिशी रचतात, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल. मी लोणावळ्याच्या एका शाळेत संगीत शिकवायचो आणि थोडंफार बाहेर गायचो. एकदा आवाज फाटला म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी घशात बॅटरी मारली आणि म्हणाले, "आ करा. हां, आता षड्ज लावा." मी चमकून लावला. "उतरलाय थोडा. पंधरा दिवस गाणं बंद, आणि शाळेत ओरडणं त्याहून बंद." डॉक्टरकी शिकत असताना पुण्यात एका म्हाताऱ्या पेटीवादकाच्या घरी ते खोली घेऊन राहिले होते. गाणं त्यांना तिथे मिळालं. रीतसर गंडा बांधून कुणाचं शिष्यत्व मात्र घेतलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असे, तेव्हा मी कामशेतला जाऊ लागलो. औषध कंपन्यांची माणसं दरवर्षी जाडजूड डायऱ्या देऊन जात. त्यांत ते बंदिशी आणि स्वरलिपी लिहीत. रचना सुचायची मात्र पेशंटच्या छातीला नळी लावलेली असताना. एकदा मी बाकावर बसलो होतो आणि ते एका मावशींना तपासता तपासता गुणगुणत होते. मावशी वैतागून म्हणाल्या, "डाक्टर, तुमी मला तपासताय का गाताय?" "दोन्ही, मावशी. तुमी फकस्त खोकला तालात काढा." "तालात काढाया मी काय तमाशात हाय व्हय?" सगळा बाक हसला. त्या दिवशी "श्वास घ्या... धरा... सोडा" म्हणताना त्यांना मधुवंतीतली चीज सुचली, 'सांस भर ले, मनवा'. तालाच्या खालीवरून उठणारा मुखडा, आणि समेच्या अलीकडे क्षणभर रोखून धरलेला श्वास. इतकी साधी आणि इतकी अवघड बंदिश मी आयुष्यात क्वचित गायलो असेन.

बंदिशीच्या अंतऱ्यात रचनाकार आपलं टोपणनाव गुंफतो. त्याला मुद्रा म्हणतात. माझ्या गुरुजींची मुद्रा होती 'नादसखा'. डॉक्टरांनी मुद्रा घेतली 'भागीसुत'. भागी म्हणजे त्यांच्या आई, भागीरथीबाई. रस्त्याच्या कामावर खडी फोडून त्यांनी मुलाला शिकवलं होतं. मी म्हणालो, "डॉक्टर, आईचं नाव चांगलंच आहे, पण मुद्रा जरा भारदस्त असते." ते म्हणाले, "बुवा, गुरू असता तर गुरूचं लावलं असतं. मला आईच आहे."

बारा-तेरा वर्षांपूर्वी पुण्यात गुरुजींच्या स्मृतिसमारोहात मला गायचं होतं. मी मधुवंतीतली 'सांस भर ले' ठरवली आणि डॉक्टरांना आग्रहाने बोलावलं. रंगमंचामागच्या खोलीत मी अंतरा घोकत होतो. आमचे ज्येष्ठ गुरुबंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, कान देऊन ऐकत होते. "वा! चीज खानदानी आहे. पण हा भागीसुत कोण? कुठला?" एवढंच त्यांनी विचारलं. जात कुणीही विचारली नव्हती. पुढचे प्रश्न मीच मनात ऐकले आणि त्यांना मीच घाबरलो. त्या समारोहात डॉक्टरांच्या समाजातला एकही जण तोवर गायला बसलेला नव्हता, आणि मला पुढच्या वर्षीही तिथे गायचं होतं. मी म्हणालो, "माझीच लिहिताना चूक झाली. गुरुजींचीच आहे. जुन्या वहीत सापडली." अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच मिनिटांत मी मंचावर होतो. अंतऱ्यात 'भागीसुत कहे' होतं तिथे 'नादसखा कहे' म्हणालो. मात्रा बरोबर सहाच. कुठे खटकलंसुद्धा नाही. डॉक्टर तिसऱ्या रांगेत बसले होते. हरवलेली चीज सापडली म्हणून लोक उभे राहिले. लोकांबरोबर तेही उभे राहिले.

परतताना गाडी तेच चालवत होते. वडगाव मागे पडलं. मग ते म्हणाले, "तुमचा तार षड्ज आज छान लागला, बुवा." बऱ्याच वेळाने पुन्हा बोलले, "आईला आणणार होतो. तिचं नाव मंचावरून येणार म्हणून नवं लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं तिनं. ऐनवेळी गुडघा धरला... बरं झालं."

महिन्याभराने मी दवाखान्यात गेलो तर भागीरथीबाई बाकावर बसलेल्या. मला पाहून त्यांनी जवळ बोलावलं. "बुवा, तुमी माजं नाव घेतलंत म्हनं गान्यात? दिनकर सांगत व्हता." मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते एका पोराच्या दंडावर पट्टी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. "व्हय, आई," मी म्हणालो. "मग लोक काय म्हनली?" "उभं राहून टाळ्या वाजवल्या." "बया!" त्या पदराआड हसल्या. "खडी फोडनारीचं नाव, आन लोक हुबं!" त्या पुढे दोन वर्षं जगल्या. भेटल्या की दर वेळी तेवढंच विचारायच्या, आणि मी दर वेळी तेवढंच सांगायचो.

नंतर गुरुजींच्या बंदिशींचं पुस्तक निघालं. संपादक मी. 'सांस भर ले' त्यात गुरुजींच्या नावावर छापली. तेव्हा सांगता आलं असतं. अण्णा गेले तेव्हाही सांगता आलं असतं. त्या बंदिशीचं नाव डॉक्टरांनी माझ्यापाशी पुन्हा कधी काढलं नाही, आणि मला नवी बंदिशही दाखवली नाही. माझा रक्तदाब मात्र न चुकता तपासत राहिले. ज्यांच्याकडे ते पुस्तक असेल त्यांना विनंती आहे की मधुवंतीतल्या या चिजेवर काट मारावी. ती डॉ. दिनकर ओव्हाळ यांची आहे. अंतऱ्यात 'भागीसुत' आहे.

पुण्यानुमोदनानंतरच्या गुरुवारी त्यांच्या मुलीने, प्रज्ञाने, मला दवाखान्यात बोलावलं. टेबलावर डायऱ्या रचून ठेवल्या होत्या. डॉक्टरांच्या खुर्चीत ती बसली होती. मी पेशंटच्या स्टुलावर बसलो. "काका, बाबांच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांतल्या बंदिशी अपुऱ्या आहेत का? प्रत्येक अंतऱ्यात एक जागा रिकामी सोडलीय. मी विचारलं होतं, तर म्हणाले, असू दे, तिथं श्वास घ्यायचा." मी पानं उलटली. मारवा, गौड सारंग, पुन्हा मधुवंती... शब्द होते, स्वर होते, आणि अंतऱ्यात एकाच जागी शब्दाविना सहा मात्रा. समारोहाच्या आधीच्या डायऱ्यांत अशी एकही जागा नव्हती.

मी तिला सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "आजी मरेपर्यंत सांगत होती सगळ्यांना, बुवांनी माझं नाव गायलं म्हणून." मी खिशातून पेन्सिल काढली आणि पहिली डायरी पुढे ओढली. तिने डायरीवर हात ठेवला. "तुम्ही नको, काका. मी लिहिते. तुम्ही फक्त गाऊन दाखवा, कुठं बसतं ते."

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी मी कामशेतला जातो. स्टुलावर बसून एकेक अंतरा गातो. ते नाव आलं की ती लिहिते. पहिल्या दिवशी माझा आवाज दोनदा फुटला. तिने थांबून पाण्याचा पेला पुढे सरकवला, मी पाणी पिईपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाली, "हं काका, पुन्हा. नाव नीट ऐकू आलं नाही."