न उकरलेली माती

कदम गुरुजी नसते तर मी बी.एस्सी. अ‍ॅग्री झालो नसतो. चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावात बारावीनंतर पुढे काय, हे माझ्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरुजींनी फॉर्म भरला, एसटीने लातूरला सोबत आले आणि अ‍ॅडमिशन झाल्यावर मला पोटभर मुरमुऱ्यांची सुशीला खायला घातली. त्यांचा फोन आला की मला नेहमी आनंद व्हायचा. त्या शनिवारी झाला नाही.

"बालाजी, माझ्या रानाच्या मातीची पत्रिका आली. खाली तुझी सही हाय. लई बरं वाटलं बघ."

"हाव गुरुजी."

"चुना कमी हाय म्हणतंय. मग मोसंबी लावून टाकतो. खड्डे झालेत, कलमं मंगळवारी येणार."

गुरुजींच्या रानातली माती आमच्या लॅबमध्ये आलीच नव्हती.

तेव्हा मी लातूरच्या एका खासगी माती परीक्षण लॅबमध्ये अ‍ॅनालिस्ट होतो. सॅम्पल घ्यायची रीत साधी आहे. शेतात आठ-दहा ठिकाणी उकरायचं, माती एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. मग ती सावलीत वाळवायची. आमच्या हॉलभर वर्तमानपत्रांवर काळे, तांबडे, राखाडी ढीग असत. तो वास अजून आठवतो. पहिली नोकरी होती, सगळंच आवडायचं.

एकदा एक पिशवी फुटली. सॅम्पल आणणारा माधव म्हणाला, "शेजारच्या गटाचे आकडे टाका की साहेब. बांधाला बांध हाय." टाकले. कुणी विचारलं नाही. पुढे जीप बंद पडली, टार्गेट मात्र तेच राहिलं. माधवने रस्त्याकडच्या एकाच रानातून आमच्या गावच्या चाळीस पिशव्या भरल्या. सगळी माती एकाच रंगाची. मी इन्चार्ज सरांकडे गेलो.

"सर, हे एकाच रानातलं दिसतंय."

"वरून 'किती झाले' विचारतात रे, 'कसे झाले' न्हाई." मग हसले. "तुला घेताना मी अनुभव विचारला होता का?"

नव्हता विचारला. मी चाळीस सह्या केल्या.

रविवारी आम्लाची बाटली घेऊन गावी गेलो. मातीत चुना असेल तर आम्ल पडताच ती फसफसते. मोसंबीला असली जमीन चालत नाही, झाड पिवळं पडून वाळतं. खड्ड्याच्या तळाशी थेंब टाकला. फेसच फेस.

"ही काय गंमत?" गुरुजींनी विचारलं.

"परत तपासतो," एवढंच म्हणालो. पिशवी भरून आणली.

सोमवारी सर म्हणाले, "तुझ्या गुरुजींचा रिपोर्ट बदलून दे. बाकीचं उकरत बसू नको."

मला ते पटलंही होतं, तासभर.

पुढे चाळीसही पत्रिका रद्द झाल्या, माती पुन्हा घेतली गेली. महिन्याभरात मलाही काढलं. आता नांदेडला आहे. त्या लॅबमध्ये लबाडी करायला कुणी आलं नव्हतं. आम्हाला एकमेकांना नाही म्हणता आलं नाही, एवढंच. सरांना वरच्यांना, मला सरांना.

त्या सोमवारी संध्याकाळी गावच्या मुक्कामी एसटीच्या कंडक्टरकडे दिलेलं पत्र असं होतं:

"ती. गुरुजींना सा. न.
मोसंबी लावू नका. नवा रिपोर्ट सोबत आहे. जुना खोटा आहे. तुमची माती न तपासता मी त्यावर सही केली. काल तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. गावातल्या आणखी एकोणचाळीस जणांच्या पत्रिकाही तशाच आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना वाचता येत नाही. कृपा करून हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. माझ्या नावासकट.
आपला,
बालाजी"