मंगरूच्या पायात माझे मोजे

मंगरू उईकेच्या पायाचं वाटोळं मीच केलं. लोक म्हणतात, नत्थूजी, तुमचा काय दोष? दोष नाई कसा, बावा? मोजे माझे होते अन् अक्कलही माझीच होती.

चोपन्न साली मी आष्टीकडच्या एका डाकघरात पॅकर होतो. मंगरू आमचा हरकारा. खांद्यावर डाकेची थैली, हातात घुंगराची काठी, अन् सात मैलांवरच्या जंगलातल्या डाकघरापर्यंत रोज धावत जाये. अकरा वर्षं अनवाणी. त्याच्या टाचेखाली बाभळीचा काटा मोडे, पण रुतत नसे.

वैशाखात वरून कागद आला. साहेब घड्याळ घेऊन येणार. हरकारा वर्दीत, बूट-मोजे घालून दीड तासात पोचला तं नोकरी कायम. नाई तं ही लाईन सायकलवाल्याले. मंगरूले सायकल येत नव्हती अन् घरी जमिनीचा तुकडा नव्हता.

बूट सरकारातून आले, मोजे आलेच नाईत. मी माझे दिले. माझा पाय हा एवढा! मंगरूच्या पायात मोजा चढवला तं पुढं चार बोटं लोंबत राह्यला.

"नत्थूजी, ढिले होऊन राह्यले. बोटाखाली गुंडाळी होते," तो म्हणाला.

"अबे, कापूस भर ना पुढं! आपल्याकडं कापसाची काय कमी?"

त्याची बायको रुखमा भाकर घेऊन आलती. ती म्हणाली, "मोजा मापाचा पाह्यजे, जी. पायात काई हललं का ते पाय खाते. त्याइले अनवाणीच जाऊ द्या."

"तुले नोकरीतलं काय समजते?" मी खेकसलो. तिनं पदर सावरला अन् भाकर त्याच्यापुढं ठेवली.

वातींसाठी घरी ठेवलेला कापूस मी माझ्या हातानं मोज्यात कोंबला. सरकी काढली नव्हती. बोटांले लागत होती, पण म्हटलं, चेपून बसन.

परीक्षेच्या दिवशी साहेबानं मले जीपमध्ये सोबत नेलं. आम्ही पुढं जाऊन जंगलातल्या डाकघरापाशी थांबलो. घुंगरं ऐकू आली, पण चाल मोडकी होती. दोन मिनिटं बाकी असताना मंगरू पोचला. साहेब म्हणाला, शाब्बास.

त्यानं बूट काढला. मोज्याची घडी कातड्यात शिरली होती, फोड फुटून साल निघाली होती, अन् मांसात सरकी रुतली होती.

"होऊन जाते बरं, नत्थूजी," तोच मले म्हणाला.

बूट पुन्हा चढेना. परतीले तो अनवाणी निघाला, शेणखत टाकलेल्या वावरांतून. जीपमध्ये जागा होती. पण साहेबासमोर त्याले 'बस' म्हणायची माझी छाती झाली नाई. थू माझ्या जिंदगीवर!

आठव्या दिवशी तो म्हणाला, जबडा धरून राह्यला, भाकर चावता येत नाई. मी म्हटलं, "बरं झालं, तसाही तू कुठं बोलतोस?" हसलो बी मी.

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाई. सरकारी दवाखान्याचा डॉक्टर त्याच्या झोपडीत जाऊन आला अन् मले बाजूले घेऊन म्हणाला, धनुर्वात. उशीर झाला.

त्याच दिवशीच्या टपालात हुकूम आला: मंगरू उईके, हरकारा, कायम. तो घेऊन मी धावतच गेलो. खाटेवर मंगरूची पाठ कमानीसारखी उचलली जात होती. दात घट्ट, डोळे उघडे. सारं त्याले समजत होतं. मी मोठ्यानं हुकूम वाचला. दुसरं काय करणार होतो?

रुखमा रडली नाई. म्हणाली, "वाचून झालं असन तं पाय धरा, जी. खाटेवर आपटून राह्यले."

मी पाय धरले. दिवस मावळेपर्यंत धरून होतो. मंग धरायचं काम राह्यलं नाई.