गोफातला लाल पेड

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या पद्मिनीबाई पाटवेकरांना दागिना गाठवायचं काम द्यायचं, तर काम पुरं होईपर्यंत समोर बसावं लागतं. मंगळसूत्र असो की ठुशी, वस्तू ठेवून संध्याकाळी या, असं तिथे चालत नाही. ही पद्धत त्यांच्या सासऱ्यांची. दुसऱ्याचं सोनं रेशमात गाठवायचं ते त्याच्या डोळ्यांदेखत. सासऱ्यांना जाऊन वीस वर्षं झाली, तरी पद्मिनीबाईंनी ती मोडली नाही.

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी चौबे कॉलोनीतल्या इरावतीताई आल्या, त्या दागिना नव्हे तर पर्स घेऊन. त्यांचा मुलगा पुष्कर ओसाकाला असतो. एका बड्या परदेशी कंपनीने आपल्या पर्सेस जपानच्या जुन्या कारागिरांकडे आणि नव्या चित्रकारांकडे सोपवून त्यांना नवं रूप द्यायला सांगितलं होतं. त्यातलीच ही एक, पुष्करने आईला दिलेली. अंगाला आरशासारखा काळा लेप, आणि धरायला सोळा पेडांचा रेशमी गोफ, राखाडी रंगाचा. त्यात एकच पेड लाल. एका टोकाशी गोफ उसवून तीन पेड पिंजले होते.

"हे काय केलं ताई?"

"ॲक्टिव्हाच्या हुकाला अडकवली होती. रोज."

"भाजीची थैलीही त्यावरच लटकवत असाल."

"मेथीच असायची हो फक्त!" इरावतीताई ओशाळल्या. "कंपनी म्हणते जपानला पाठवा, सहा महिने लागतील. आणि पुष्कर येत्या रविवारी येऊन राहिला. हे पाहिलं तर बोलणार नाही काही, पण मनाला लावून घेईल."

पद्मिनीबाईंनी असा गोफ कधी केला नव्हता. त्यांनी तो खुंटीला अडकवला आणि बराच वेळ नुसता पाहिला. मग उसवलेल्या बाजूची, पर्सला जोडणारी कडी सोडवून पेड उलगडत गेल्या. प्रत्येक पेड कोणाच्या वरून, कोणाच्या खालून, हे ओठांतल्या ओठांत म्हणत. मोत्यांसाठी आणून ठेवलेलं राखाडी रेशीम जुळलं. पिंजलेल्या पेडांना नवं रेशीम जोडून त्या परत वळू लागल्या. उलगडताना एका जागी लाल पेड खालून जायचा तो वरून गेलेला दिसला होता. झोपेत केलं वाटते, असं मनाशी म्हणून त्यांनी वळताना तो सरळ केला.

दुपार व्हायच्या आत गोफ तयार झाला. इरावतीताई खूष झाल्या. पद्मिनीबाईंनी सवयीने दुसऱ्या टोकापासून अंगठा फिरवला, आणि कडीपासून चार बोटांवर अंगठा अडला. इथेही लाल पेड वरून गेला होता.

त्यांनी पुन्हा मोजलं. तिकडे सरळ केलेला, तोही चार बोटांवरच होता.

"ताई, हा लाल पेड दोन्हीकडे चुकला होता. एकीकडला मी सरळ करून टाकला."

"मग चांगलंच झालं ना!"

"दोन्हीकडे चार बोटांवरच कसा चुकंल? मुद्दाम केलं हे वळणाऱ्यानं."

इरावतीताईंना पुष्करने सांगितलेलं आता आठवलं. चित्रकार एक तरुण पोट्टी, गोफ वळणारा म्हातारा. तिनेच सांगितलं होतं की लाल पेडाने दोन्ही बाजूंना एकदा वाट सोडावी, धरणाऱ्याच्या बोटाला कळावं. मुद्दाम चुकायचं म्हणून म्हातारा पंधरा दिवस रुसून बसला होता म्हणे.

"मले आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

सून रूपाली चहा घेऊन आली होती. तिने दोघींचं ऐकलं. "आई, छोड़ो ना. किसको दिखने वाला है?"

खरंच होतं. पुष्करलाही दिसलं नसतं. पद्मिनीबाईंनी चहा बाजूला सारला. इरावतीताई सकाळपासून समोर होत्या, नजर हटवली नव्हती. त्यांच्या डोळ्यांदेखत पर्समधलं काहीतरी गेलं होतं, आणि त्यांना पत्ताही लागला नव्हता. सोन्यासाठी ठरवलेली राखण इथे उपयोगाची नव्हती. सांगायचं ते तर सांगून झालं होतं. आता परत करायचं होतं.

त्यांनी कडी सोडवली.

उलगडणं सोपं गेलं. चुकवणं जमेना. चाळीस वर्षं सरळ वळलेली बोटं त्या जागी आली की पेड आपोआप खाली घेत. दोनदा झालं, तीनदा झालं.

"बोटं ऐकून नाही राहिली."

"मी चुकवून देऊ का?" इरावतीताई म्हणाल्या.

"नको. तुमची चूक मले सुधारता नाही येणार."

रूपाली तोंडावर पदर धरून हसली. मग पद्मिनीबाईंनी दुसरं टोक इरावतीताईंच्या हातात दिलं, डोळ्यांसमोर धरायला लावलं, आणि आपल्या हातांकडे न बघता त्या म्हाताऱ्याच्या पेडाकडे बघत वळत गेल्या. चौथ्या खेपेला लाल पेड वरून गेला. कडी बसवली, शेवटची गाठ आत दडवली.

इरावतीताईंनी दोन्ही जागा चाचपल्या. "काही फरक नाही."

"फरक आहे. माझा आवळ आहे. त्याचा ढिला. इथं पाहा, हा माझा."

"बरं, असू द्या."

"तुमच्या पुष्करले लिहा. तो त्या बाबाले कळवंल." इरावतीताईंनी मोबाइल काढला. पद्मिनीबाई एकेक शब्द सांगू लागल्या. "रायपूरच्या पद्मिनीनं तुमचा लाल पेड सरळ करून टाकला होता. मग परत केला, पण तुमच्यासारखा नाही झाला. तुम्ही पंधरा दिवस रुसले, ते मले समजलं."

"एवढं सगळं लिहू? शेवटचंच लिहिते, गोड आहे ते."

"शेवटचं गाळा वाटलं तर," पद्मिनीबाई रेशमाची लडी गुंडाळत म्हणाल्या. "पहिलं गेलं पाहिजे."